शिकागोच्या इमारती आणि पायाखालची चिकणमाती

शिकागो शहराच्या मध्यभागी, जॅक्सन आणि डिअरबॉर्न या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर मोनॅडनॉक नावाची एक जुनी इमारत आहे. लांबून पाहिली तर तपकिरी रंगाचा एकच लांबट ठोकळा दिसतो. जवळ गेलं की लक्षात येतं, की या एका ठोकळ्यात खरं म्हणजे दोन इमारती आहेत. उत्तरेकडचा अर्धा भाग १८९१ साली पुरा झाला आणि दक्षिणेकडचा १८९३ साली. उत्तरेकडच्या भागात बाहेरच्या विटांच्या भिंती स्वतः भार पेलतात. सोळा मजले पेलायचे म्हणून त्या तळाशी तब्बल सहा फूट जाड आहेत. एखादा माणूस आडवा झोपला तर भिंतीच्या जाडीतच मावेल. दक्षिणेकडच्या भागात सगळा भार पोलादी सांगाड्यावर आहे आणि विटा नुसत्या अंगरख्यासारख्या वरून चढवलेल्या आहेत.

उत्तरेकडचा जड भाग बांधून झाल्यावर खचू लागला. गंमत अशी, की तो खचणार हे बांधणाऱ्यांना आधीच माहीत होतं. इमारत आठ इंच खाली जाईल असा त्यांचा हिशोब होता आणि तेवढी ती मुद्दाम उंच बांधलेली होती. हे आठ इंच संपले तरी खचणं थांबलं नाही. पुढच्या पन्नासेक वर्षांत ती सुमारे २० इंच खाली गेली. रस्ता होता तिथेच राहिला, त्यामुळे दारांशी पायऱ्या करून घ्याव्या लागल्या.

ही माणसं अडाणी नव्हती. बर्नहॅम आणि रूट ही त्या काळातली नावाजलेली जोडी, आणि शिकागोच्या मातीशी त्यांचा दहा-पंधरा वर्षांचा परिचय होता. मग हिशोब चुकला कुठे? शिकागोच्या जुन्या इमारतींवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण त्यातलं बहुतेक लिखाण वर पाहून केलेलं आहे. दर्शनी भाग, नक्षी, उंची वगैरे. या प्रश्नाचं उत्तर हवं असेल तर खाली पाहायला हवं.

दलदलीतलं गाव

शिकागो मिशिगन सरोवराच्या काठावर वसलेलं आहे. शेवटच्या हिमयुगात हा सगळा प्रदेश बर्फाच्या प्रचंड थराखाली होता. बर्फ मागे सरकला तेव्हा त्याने दळून आणलेला गाळ इथे पसरला आणि त्यावर काही काळ आजच्यापेक्षा मोठं सरोवर होतं. म्हणून शहराच्या मध्यभागी जमिनीत खाली जाऊ लागलं तर वर थोडी भर, मग दोन-चार मीटरची, उन्हावाऱ्याने सुकून घट्ट झालेली मातीची पपडी, तिच्याखाली कित्येक मीटर मऊ, निळसर-करडी चिकणमाती, तिच्याखाली दगडगोट्यांसकट घट्ट दाबलेली कठीण माती, आणि तीसेक मीटरच्याही खाली चुनखडकाच्या जातीचा खडक लागतो. पावसाळ्यानंतर आटत आलेल्या डबक्यावर पाय ठेवून पाहा. वरची पपडी क्षणभर तोलते आणि मग पाय खालच्या चिखलात जातो. शिकागोच्या जमिनीचा स्वभाव बराचसा असाच आहे.

इथे आपल्याला काळ्या मातीची आठवण होईल, पण तिची खोड वेगळी. काळी माती पाणी मिळालं की फुगते आणि सुकली की भेगाळते. शिकागोची चिकणमाती फारशी फुगत नाही. ती दाबली जाते, एवढंच. आणि तेही सावकाश.

गाव सखल, सरोवराच्या पातळीपेक्षा जेमतेम वर. सांडपाणी वाहून जायला उतारच नाही. कॉलऱ्याच्या साथी येऊ लागल्या तेव्हा १८५५ साली एलिस चेस्ब्रो या अभियंत्याला गटारांची योजना करायला बोलावलं. खाली खणून उतार मिळणार नाही हे उघड होतं. त्याने गटारं जमिनीवरच टाकली आणि त्यांच्यावर भर घालून रस्ते काही फूट उंच केले. आता दुकानं आणि घरं खड्ड्यात गेली! मग इमारतीच वर उचलायचं ठरलं. १८६० साली लेक स्ट्रीटवरची ३२० फूट लांबीची, चार-पाच मजली पक्क्या दुकानांची अख्खी रांग सहा हजार स्क्रू जॅक लावून चार फूट आठ इंच वर उचलली गेली. सहाशे माणसं एका इशाऱ्याबरोबर जॅक थोडे थोडे फिरवत. काम पाच दिवसांत झालं. वजन सुमारे ३५,००० टन होतं असं सांगतात, म्हणजे एका जॅकवर सहा टन आले. साध्या यंत्रांच्या धड्यात स्क्रू शिकवताना मुलांना हा आकडा जरूर सांगावा. पुस्तकातला तिरपा उतार गुंडाळून केलेला स्क्रू त्यांना एकदम खरा वाटू लागतो.

साधी घरं मात्र लाकडाची होती. जाड वासे आणि सुतारी सांध्यांऐवजी बारीक फळ्यांचा दाट सांगाडा खिळ्यांनी ठोकून उभा करायची पद्धत इथे १८३० नंतर रुळली. घर स्वस्त होई, लवकर होई आणि इतकं हलकं असे, की वेळ आली तर ओंडक्यांवरून ढकलत दुसऱ्या जागी नेता येई. मऊ जमिनीला असं हलकं घर सोयीचंच. पण १८७१ च्या ऑक्टोबरात, ८ ते १० तारखेच्या दरम्यान, शहराचा मोठा भाग जळून गेला. सतरा हजारांवर इमारती गेल्या, सुमारे तीनशे माणसं मेली आणि एक लाख लोक बेघर झाले. १८७४ साली पुन्हा मोठी आग लागली. त्यानंतर लाकडी बांधकामावरचे निर्बंध वाढत गेले आणि विटा-दगडांचा जमाना आला. आगीचा प्रश्न सुटला, पण वजनाचा प्रश्न उभा राहिला. त्यातच लिफ्ट आली, मध्यवस्तीतल्या जागेचे भाव चढले आणि प्रत्येक मालकाला आणखी एक मजला हवासा वाटू लागला.

एक छोटासा हिशोब

विटांच्या भिंतीसाठी त्या काळी गवंड्यांचा एक ठोकताळा होता. सगळ्यात वरच्या मजल्याची भिंत १२ इंच आणि खाली येताना दर मजल्याला ४ इंच वाढवायचे. सोळा मजल्यांसाठी १२ अधिक १५ गुणिले ४, म्हणजे ७२ इंच. मोनॅडनॉकच्या सहा फुटी भिंतीचं कोडं इथेच सुटतं.

आता या भिंतीची फक्त एक मीटर लांबी घेऊ. सरासरी जाडी साधारण एक मीटर, उंची ६५ मीटर, वीटकामाचं वजन घनमीटरला १.९ टन. म्हणजे एका मीटर लांबीच्या भिंतीचं वजन सुमारे १२० टन झालं. खिडक्यांचं वजा करा, मजल्यांचं मिळवा, अंदाज फारसा बदलत नाही. शिकागोच्या पपडीवर चौरस मीटरला १५ ते २० टनांपेक्षा जास्त भार टाकू नये, हे तिथले लोक अनुभवाने शिकले होते. १७ टन धरले तर १२० टनांसाठी सात चौरस मीटर जागा लागते. म्हणजे एक मीटरच्या भिंतीखाली सात मीटर रुंदीचा पाया हवा! मोनॅडनॉकचा पाया भिंतीबाहेर, रस्त्याच्याही खाली पसरलेला आहे तो यासाठी.

पूर्वी असा पाया दगडांच्या पायऱ्या-पायऱ्यांनी रुंद करत नेत. पण मग त्या दगडी पिरॅमिडांनीच तळघर भरून जाई. १८८२ च्या मॉन्टॉक ब्लॉक या इमारतीत जॉन रूटने यावर तोडगा काढला. रेल्वेचे रूळ एकाआड एक आडवे-उभे रचायचे आणि त्यावर काँक्रीट ओतायचं. दीड-दोन फूट जाडीचा, पण वाकायला कबूल नसलेला रुंद तराफा तयार होतो. रूळ शहरात मुबलक होते. शिकागो हे अमेरिकेतल्या रेल्वेचं सगळ्यात मोठं जंक्शन.

तराफे किती मोठे करायचे, याचा नियमही तयार होता. फ्रेडरिक बाउमान या वास्तुविशारदाने १८७३ साली एक पुस्तिका काढून तो मांडला होता. प्रत्येक खांबाला स्वतंत्र पाया द्या आणि पायाचं क्षेत्रफळ त्या खांबावरच्या भाराच्या प्रमाणात ठेवा. सगळीकडे दाब सारखा पडेल, सगळी इमारत सारखीच खचेल आणि कुठेही तडा जाणार नाही. खचण्याला त्याची हरकत नव्हती. विषम खचण्याला होती. आणि हे अगदी बरोबर होतं. एक फूट सरळ खाली गेलेली इमारत वापरता येते. एक कोपरा चार इंच खाली गेला की भिंती तडकतात आणि दारं अडकतात.

तरी या नियमात एक खोट होती. पायाखालचा दाब खोल जाता जाता पसरतो आणि कमी होतो. चौकोनी पाया एक मीटर रुंद असेल तर दोन मीटर खोलीवर दाब साधारण एक दशांश उरतो. पाया सहा मीटर रुंद असेल तर तेवढा कमी व्हायला बारा मीटर खोल जावं लागतं. म्हणजे लहान पायाचा दाब वरच्या घट्ट पपडीतच जिरतो आणि मोठ्या पायाचा दाब खालच्या मऊ मातीपर्यंत पोचतो. वरचा दाब सारखा असूनही मोठा पाया जास्त खचतो. जड खांबांना मोठा पाया दिलेला, म्हणजे जड भागच जास्त खाली जाणार.

ऑडिटोरियमचा बुरूज

हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते अ‍ॅडलर आणि सलिव्हन यांनी बांधलेल्या ऑडिटोरियम इमारतीत. १८८९ साली पुऱ्या झालेल्या या इमारतीत नाट्यगृह, हॉटेल आणि कचेऱ्या असं सगळं एकत्र होतं. इमारत दहा मजली आणि तिच्या एका बाजूला सतरा मजली बुरूज. बुरुजाखालची जमीन जास्त दाबली जाणार हे अ‍ॅडलरला ठाऊक होतं. भिंती एकत्र वर चढत असताना दहाव्या मजल्यापर्यंत सगळं सारखं खचेल, आणि मग एकट्या बुरुजावर सात मजले चढले की तो एकटाच खाली जाईल आणि शेजारच्या भिंतींपासून तुटेल. म्हणून त्याने एक युक्ती केली. बुरुजाच्या खालच्या मजल्यांत कच्च्या लोखंडाचे ठोकळे आणि विटा रचून ठेवल्या, म्हणजे पुढे येणारा भार त्याने जमिनीला आगाऊच देऊन टाकला. वरचं बांधकाम जसं चढत गेलं, तसतसं हे वजन काढून घेतलं.

मला ही युक्ती फार आवडते. तिच्यामागचा तर्क स्वच्छ आहे. बांधकाम चालू असताना ती लागूही पडली. पण नंतर इमारत खचतच राहिली, काही ठिकाणी सुमारे २८ इंचांपर्यंत, आणि सगळीकडे सारखी नाही. आजही दर्शनी दालनात चालताना जमीन उतरती असल्याचं पायांना कळतं. पाया घातल्यानंतर बाहेरच्या भिंती ठरल्यापेक्षा जड दगडाच्या करायचं ठरलं, हे एक कारण झालं. खरं कारण निराळं होतं. अ‍ॅडलरने भार मोजला, क्षेत्रफळ मोजलं. वेळ मोजली नव्हती. माती भार येताच दाबली जाते आणि मग थांबते, असं तो आणि त्याचे समकालीन धरून चालले होते.

चक्का आणि वरवंटा

श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून त्यावर वरवंटा ठेवतात. ठेवल्याबरोबर काही फारसं होत नाही. मग पाणी ठिबकू लागतं आणि गाठोडं हळूहळू बसत जातं. सकाळपर्यंत चक्का घट्ट होतो. चिकणमातीचं अगदी असंच असतं. तिचे कण दोन सहस्रांश मिलिमीटरपेक्षाही बारीक आणि चपटे असतात. त्यांच्यामधल्या फटी पाण्याने भरलेल्या असतात आणि पाणी दाबून लहान होत नाही. त्यामुळे वर भार आला की सुरुवातीला तो कणांवर येतच नाही, फटींतल्या पाण्यावर येतो. पाणी दाबाखाली बाहेर पडू पाहतं, पण वाट इतकी अरुंद आणि वाकडी असते की ते फार हळू निघतं. जेवढं पाणी निघालं तेवढी माती बसली. वाळूत फटी मोठ्या, पाणी चटकन निघतं, म्हणून वाळूवरची इमारत बांधता बांधताच काय ती खचते आणि मग स्वस्थ राहते.

हे गणितात बसवलं कार्ल टेर्झागी या ऑस्ट्रियन अभियंत्याने. इस्तंबूलमध्ये शिकवत असताना त्याने साध्या, हाती जुळवलेल्या साधनांनी चिकणमातीवर वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि १९२५ साली आपला सिद्धांत प्रसिद्ध केला. ऑडिटोरियम बांधून झाल्याला तेव्हा छत्तीस वर्षं झाली होती. सिद्धांताचा एक निष्कर्ष असा, की माती बसायला लागणारा वेळ पाण्याला कापाव्या लागणाऱ्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. प्रयोगशाळेत दोन सेंटिमीटर जाडीची चकती घेऊन तिच्या दोन्ही बाजूंनी पाणी निघू दिलं, तर पाण्याला जास्तीत जास्त एक सेंटिमीटर जावं लागतं. अशी चकती बरीचशी बसायला समजा पंधरा मिनिटं लागली. आता तीच माती वीस मीटर जाडीची घ्या. अंतर एक सेंटिमीटरऐवजी दहा मीटर, म्हणजे हजारपट. वेळ हजाराचा वर्ग, म्हणजे दहा लाखपट. पंधरा मिनिटं गुणिले दहा लाख म्हणजे अठ्ठावीस वर्षं!

अ‍ॅडलरने बुरुजाखालच्या मातीला काही महिने दिले. तिला काही दशकं हवी होती.

हा प्रयोग वर्गात करता येतो. एकाच मापाचे दोन पत्र्याचे डबे घ्या आणि तळाला भोकं पाडा. तळाशी वाळूचा थर, त्यावर फडकं, त्यावर कुंभाराकडची भिजवून सैल केलेली माती, पुन्हा फडकं आणि वाळू. एका डब्यात माती चार सेंटिमीटर भरा, दुसऱ्यात आठ. डब्यात सैलसर बसेल अशी लाकडी चकती वर ठेवा, तिच्यावर वीट ठेवा आणि चकती किती खाली गेली ते एक, दोन, चार, आठ मिनिटांनी असं वेळ दुप्पट करत मोजत राहा. फडकं डब्याच्या कडेपर्यंत नीट पोचलं पाहिजे. मी पहिल्यांदा केलं तेव्हा ते आखूड पडलं, माती कडेने वर आली आणि चकती तिरकी होऊन बसली. (तेही एका अर्थी विषम खचणंच.) जाड थराला निम्मं बसायला पातळ थराच्या चौपट वेळ लागतो का, हे मुलांनी स्वतः पाहावं. आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, पण दुपटीपेक्षा बराच जास्त वेळ लागल्याचं नक्की दिसेल. तिसऱ्या डब्यात ओली वाळू घेतली तर फरक अधिकच उठून दिसतो.

पुढे शिकागोत भुयारी रेल्वे करायचं ठरलं तेव्हा टेर्झागी सल्लागार म्हणून आला आणि १९३९ साली त्याच्या हाताखाली राल्फ पेक या तरुण अभियंत्याने तिथे मातीची प्रयोगशाळा चालवली. भुयारं खणताना जुन्या इमारतींना धक्का लागू नये, ही त्यातली मुख्य काळजी. भुयारी रेल्वे १९४३ साली सुरू झाली. काही जुन्या इमारती बांधल्यापासून किती खचत आल्या, याची मापं लोकांनी नेमाने घेऊन ठेवली होती. पेकने ती गोळा करून १९४८ साली शिकागोतल्या पायांचा इतिहास प्रसिद्ध केला. आपला हिशोब चुकतो आहे हे दिसत असतानाही मापं घेत राहिलेल्या त्या अनामिक माणसांचं मला कौतुक वाटतं.

सांगाडा आणि विहिरी

दरम्यान बांधणाऱ्यांनी दोन बाजूंनी वाट काढली होती. पहिली वाट वजन कमी करण्याची. विल्यम जेनी याने १८८५ साली बांधलेल्या दहा मजली होम इन्शुरन्स इमारतीत भाराचा मोठा हिस्सा लोखंड-पोलादाच्या सांगाड्यावर टाकला. मोनॅडनॉकच्या दोन भागांत हा बदल शेजारी-शेजारी पाहायला मिळतो. मालक तेच, बोस्टनचे ब्रुक्स बंधू. दुसऱ्या भागाला मात्र त्यांनी सांगाडा निवडला. भिंती पातळ, वजन कमी, आणि भाड्याने द्यायला जागा जास्त. पोलाद जळत नाही, पण साडेपाचशे-सहाशे अंशांना त्याची ताकद निम्म्यावर येते. म्हणून खांब आणि तुळया भाजलेल्या मातीच्या पोकळ विटांनी मढवत. १८९५ च्या रिलायन्स इमारतीत तर बाहेरची भिंत म्हणजे बहुतेक काच आणि तिच्याभोवती चकचकीत भाजक्या मातीच्या पातळ पट्ट्या, एवढंच आहे.

दुसरी वाट होती मऊ माती ओलांडून खालच्या कठीण थरावर जाण्याची. तिची सुरुवात एका शेजाऱ्यामुळे झाली. १८९३-९४ मध्ये अ‍ॅडलर आणि सलिव्हन शिकागो स्टॉक एक्स्चेंजची इमारत बांधत होते. पश्चिमेच्या भिंतीला लागून एका वर्तमानपत्राचा छापखाना होता. तिथे लाकडी खुंट ठोकत बसलं असतं तर हादऱ्यांनी छपाईयंत्रं बिघडली असती. विल्यम सूय स्मिथ यांनी सुचवलं, ठोकू नका, विहिरी खणा. माणसं आत उतरून दीडेक मीटर खणत, पिंपाच्या फळ्यांसारख्या उभ्या फळ्या कडेने लावून आतून लोखंडी कडी बसवत आणि मग पुढचा दीड मीटर खणत. कठीण माती लागली की विहीर काँक्रीटने भरायची. मऊ चिकणमातीचा इथे फायदाच झाला, कारण खणलेली भिंत फळ्या लावेपर्यंत उभी राहते आणि पाणी झिरपत नाही. पुढे शिकागोतल्या बहुतेक उंच इमारती अशा विहिरींवर उभ्या राहिल्या आणि खचण्याचा प्रश्न मागे पडला. या पद्धतीला अभियांत्रिकीत आजही शिकागोचंच नाव आहे.

ती पहिल्या विहिरींवरची इमारत १९७२ साली पाडली. रिचर्ड निकेल हा छायाचित्रकार तिच्यातली नक्षीदार कामं वाचवायला आत जात असे. पाडकाम चालू असताना एक दिवस आतला भाग कोसळला आणि तो त्यात गेला. इमारतीतलं सौद्यांचं दालन पुढे शिकागोच्या कला संग्रहालयात पुन्हा उभारलं. होम इन्शुरन्स १९३१ मध्येच गेली होती. खचलेल्या दोघी, मोनॅडनॉक आणि ऑडिटोरियम, मात्र टिकल्या.

घरं का खचली नाहीत?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या शिकागोतली घरं म्हटलं की फ्रँक लॉइड राइटचं नाव पुढे येतं. १९१० सालचं त्याचं रॉबी हाउस, लांबच लांब आडव्या रेषांचं आणि भिंतींच्या पुष्कळ पुढे आलेल्या छपरांचं, १९५७ साली पाडलं जाता जाता वाचलं आणि २०१९ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. ते सुंदर आहेच. पण शहर समजून घ्यायचं तर मी साध्या विटांच्या बंगल्यांकडे पाहीन. १९१० नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत शिकागोभोवती असे सुमारे ८०,००० बंगले उभे राहिले. शब्द आपलाच. बंगालातल्या घरांवरून आलेला 'बंगला' इंग्रजीतून तिकडे पोचला. आपल्या मनातल्या ऐसपैस बंगल्याशी मात्र त्याचं नातं थोडंच. तिथला बंगला अरुंद जागेवरचा, दीड मजली, खाली तळघर असलेला आणि कामगार, कारकून यांना हप्त्यांवर परवडणारा.

त्याच्या विटा पाहा. रस्त्याकडच्या दर्शनी भागाला बाहेरून आणलेल्या गुळगुळीत, एकसारख्या रंगाच्या विटा. बाजूच्या आणि मागच्या भिंतींना मात्र ओबडधोबड, फिकट गुलाबी ते पिवळसर स्थानिक विटा. त्या तिथल्याच चिकणमातीच्या. मातीत चुन्याचा अंश बराच आहे. भट्टीत चुना लोहाशी संयोग पावतो आणि विटेचा लाल रंग दबतो. मोठ्या इमारतींना गिळू पाहणारी मातीच भाजून इथे भिंत झाली.

ही घरं त्याच मातीवर आहेत, मग ती का खचली नाहीत? हलकी आहेत हे एक. दुसरं कारण तळघर. शिकागोच्या थंडीत जमीन एक मीटरपर्यंत गोठते, म्हणून पाया त्याच्याखाली नेणं भाग होतं. एवढं खणायचंच तर तिथे तळघर करून कोळशाची भट्टी आणि कोळसा ठेवणं सोयीचं. दीड मीटर माती खणून काढली की चौरस मीटरमागे सुमारे तीन टन वजन तिथून हललं. आणि अशा घराचं वजनही, त्याच्या सगळ्या क्षेत्रफळावर पसरलं तर, जवळपास तेवढंच भरतं. खालच्या मातीच्या दृष्टीने काही बदललंच नाही. पाण्यातली नाव आपल्या वजनाएवढं पाणी बाजूला सारते, तसं हे घर आपल्या वजनाएवढी माती बाजूला सारून बसलं आहे. उंच इमारतींसाठी हे तत्त्व अभियंत्यांनी पुढे मुद्दाम वापरलं. बंगले बांधणाऱ्यांना ते थंडीमुळे आयतं मिळालं.

मातीचा हिशोब अजून पुरा झालेला नाही. शहराच्या मध्यवस्तीत, जिला लूप म्हणतात तिथे, तळघरं, वाहनतळ, भुयारी गाड्या या सगळ्यांतून उष्णता सतत जमिनीत जाते. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले अलेसांद्रो रोट्टा लोरिया यांनी तिथे दीडशेहून अधिक तापमापक बसवले. लूपखालची जमीन जवळच्या ग्रँट पार्कखालच्या जमिनीपेक्षा काही ठिकाणी दहा अंश सेल्सिअसने गरम असल्याचं त्यांना आढळलं. मऊ चिकणमाती तापली की प्रसरण पावण्याऐवजी आकसते, कारण कणांची रचना ढिली होऊन ती आणखी बसते. घट्ट थर मात्र फुगतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात संगणकीय प्रतिकृतीच्या आधारे असा निष्कर्ष निघाला, की १९५१ ते २०५१ या शंभर वर्षांत जमीन काही जागी १२ मिलिमीटरपर्यंत वर उचलली जाऊ शकते आणि काही जागी ८ मिलिमीटरपर्यंत खाली जाऊ शकते. २८ इंचांपुढे हे काहीच नाही, आणि नव्या इमारतींना याची फिकीर नसेल. पण तराफ्यावर उभ्या असलेल्या जुन्या इमारतींची सहनशक्ती आधीच बरीचशी खर्च झाली आहे, आणि त्यांच्याखालची माती एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी अशीच तापते.